दातेरी चौकटीतले नट

(दृश्य: भिंगाखाली एक जुनं तिकीट. कडेला चिमट्याची टोकं.)

हे 20 पैशांचं तिकीट. 30 एप्रिल 1971 ला पोस्टानं काढलेलं, दादासाहेब फाळके यांच्यावरचं. तेव्हा साध्या पत्राला 20 पैसेच लागायचे. त्यामुळे फाळके खुशालीच्या पत्रांवर बसून, शिक्के खात गावोगाव फिरले.

चेहरा नंतर बघू. आधी कड बघा. हे दात म्हणजे कापली गेलेली अर्धी-अर्धी भोकं. तिकिटं जमवणारी मंडळी 2 सेंटिमीटरमध्ये किती भोकं बसतात ते मोजतात आणि एखादा दात तुटका निघाला तर तोंड वाकडं करतात.

आता 1912 सालच्या दादरला चला. फाळके लंडनहून परतलेत. सामानात कॅमेरा आहे आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्रही. कच्ची फिल्म तेव्हा कोरी यायची. कडेची भोकं आपली आपण पाडायची, तीही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म वाया. या कामाला बसल्या सरस्वतीबाई फाळके. दिवसा घर आणि मंडळींचा स्वयंपाक, रात्री फिल्मची भोकं.

3 मे 1913 ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. तारामती झाले होते अण्णा साळुंके, त्याआधी खानावळीत कामाला असलेले. पडद्यावर बाई मिळेना, पण पडद्यामागे अंधाऱ्या खोलीत एक बाई यंत्राशी बसलेली होतीच.

(दृश्य: नाशिक रोड. मुद्रणालयाची लांबलचक भिंत.)

फाळके मुळात छापखान्यातले. रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी काम केलेलं, मग लोणावळ्याला स्वतःचा छापखाना, रंगीत छपाईच्या यंत्रांसाठी थेट जर्मनी गाठलेली. 1918 मध्ये नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी निघाली. पुढे 1925 च्या सुमारास त्याच गावात सरकारी सिक्युरिटी प्रेस उभी राहिली आणि लंडनला छापून येणारी आपली तिकिटं नाशकात छापली जाऊ लागली. फाळके 16 फेब्रुवारी 1944 ला गेले, तेही नाशकातच. आणि 27 वर्षांनी त्यांचं तिकीट छापलं गेलं ते याच भिंतीआड. जन्मगाव त्र्यंबक इथून तासाभराच्या वाटेवर.

जिवंत माणसाला तिकिटावर सहसा बसवत नाहीत. 1958 मध्ये महर्षी कर्व्यांना बसवलं, कारण त्यांनी शंभरी गाठली होती. 2013 मध्ये सचिनला. नटांना मात्र टाळ्या थांबेपर्यंत वाट बघावी लागते. अधूनमधून व्हॉट्सअ‍ॅपवर अमक्या अभिनेत्याचं तिकीट फिरतं, ते बहुतेक ‘माय स्टॅम्प’ असतं. पैसे भरले की पोस्ट तुमचा-आमचा फोटोही छापून देतं. हौस म्हणून छानच, पण त्याला स्मारक तिकीट म्हणू नये.

गाणाऱ्या नटाचं तिकीट काढायचं तर मोठी पंचाईत. 1993 मध्ये मास्टर दीनानाथांवर तिकीट निघालं. गोव्यातल्या मंगेशीचे दीनानाथ, बळवंत संगीत मंडळी या नाटक कंपनीचे. ‘भावबंधन’ नाटकात ते लतिका व्हायचे आणि त्या लतिकेवरूनच थोरल्या लेकीचं नाव लता पडलं. एवढं सगळं अंगठ्याच्या नखाएवढ्या कागदावर कसं मावणार? चेहरा उतरतो, तान राहून जाते.

नाचाचं त्या मानानं बरं जमतं. मुद्रा म्हणजे मुळातच थांबलेला क्षण. 1975 मध्ये शास्त्रीय नृत्यांची सहा तिकिटं आली: भरतनाट्यम 25 पैशांत, ओडिसी 50 पैशांत, अशी चढत चढत मणिपुरी 2 रुपयांवर. शास्त्रीयांची पंगत ती, आपल्या लावणीला त्यात पाट नव्हता.

(दृश्य: मिनिएचर शीट, म्हणजे तिकिटं एकत्र छापलेले छोटे कागद, एकापाठोपाठ एक.)

2011 मध्ये गाजलेल्या नायिकांच्या संचात नूतन आल्या. मग 3 मे 2013, ‘हरिश्चंद्रा’ची शंभरी. त्या दिवशी एकदम 50 तिकिटं निघाली, सहा शीटवर. दुर्गा खोटे, स्मिता पाटील, भालजी पेंढारकर… दाटीवाटीनं बसलेले. खरं सांगायचं तर एवढ्या गर्दीत कुणाकडेच नीट बघणं होत नाही. शिवाय ही शीट पाकिटावर लागतात कुठे? घेतली की सरळ प्लॅस्टिकच्या कव्हरात.

म्हणून मला हे वापरलेलं 20 पैशांचंच आवडतं. कोपऱ्यावर काळा शिक्का, गावाचं नाव अर्धं पुसलेलं. मागच्या डिंकाला पाकिटाचा खाकी कागद अजून चिकटलेला आहे. कोमट पाण्यात ठेवलं तर सुटेल.

(दृश्य: बशीतलं पाणी. तिकीट सावकाश पालथं होतं.)