मामाच्या देव्हाऱ्यातला तोफगोळा

[दृश्य: टेबलावर लोखंडी गोळा. शेजारी दोरा, वजनकाटा, फूटपट्टी.]

हा गोळा आमच्या मामाच्या घरी मला कळतं तेव्हापासून आहे. पन्हाळ्याच्या वाटेवर सापडला, म्हणून शिवकालीन. पाहुणा आला की मामा तो त्याच्या हातात देणार आणि म्हणणार, "वजन बघा, वजन!" खंडेनवमीला कोयता आणि विळ्याच्या शेजारी याचीही पूजा होते.

या वर्षी तो आम्ही मागून घेतला आणि थेट उद्यमनगरात गेलो. संग्रहालयात जायचं सोडून फाउंड्रीत का, असं कुणी विचारेल. तर कोल्हापुरात लोखंड ओतणारी माणसं पावलापावलावर भेटतात, आणि जुना गोळा ओतीव असेल तर त्यावरच्या खुणा ओतणाऱ्याइतक्या कुणालाच दिसत नाहीत.

[दृश्य: फाउंड्री. वाळूच्या पेट्या. मिस्त्रींचे हात.]

मिस्त्रींनी चष्मा लावलाच नाही. गोळा तळहातावर फिरवला, त्यावरून अंगठ्याचं नख ओढत नेलं आणि विचारलं, "पार्टिंग कुठाय ह्येची?"

ओतकाम दोन पेट्यांत होतं, एक वरची आणि एक खालची. त्या जिथं मिळतात तिथं गोळ्याच्या पोटावर बारीक कंगोरा उठतो, ती पार्टिंग लाइन. कानशीनं घासली तरी नखाला लागते. शिवाय रस जिथून आत सोडला ती जागा, म्हणजे गेट, तोडल्यावर नाण्याएवढा सपाट डाग राहतो. आज शिरोलीच्या एमआयडीसीत निघणाऱ्या मालावर या दोन खुणा असतात आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या ओतीव तोफगोळ्यावरही असतात.

मामाच्या गोळ्यावर यातलं काहीच नव्हतं.

मग तो घडीव असेल का? लोहारानं लोखंड तापवून, ठोकून केलेले गोळेही असत. त्यांना पार्टिंग नसते, पण हातोड्याचे पैलू असतात. दोरा गुंडाळून घेर मोजला तर आडवा एक येतो आणि उभा दुसरा. आम्ही तीन बाजूंनी मोजलं. तिन्हीकडून घेर सारखा.

"ग्राइंडरला लावू? ठिणगी बघितली की कळतंय," मिस्त्री म्हणाले. बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, ठिणगी आखूड आणि तांबूस असते, पोलादाची लांब आणि पांढरट. आम्ही हात आडवा घातला. खरा निघाला असता तर?

"खरा न्हाई ओ ह्यो. बॉल मिलचा हाय."

बॉल मिल म्हणजे फिरणारं मोठं पिंप. त्यात असे पोलादी गोळे टाकून दगड, खनिज किंवा सिमेंटचा क्लिंकर दळतात. तसला गोळा पन्हाळ्याच्या वाटेवर कसा आला, ते ट्रकवाल्यालाच ठाऊक.

[दृश्य: पन्हाळा. तीन दरवाजा, धुकं.]

मामाचा गोळा बाजूला ठेवू. समजा, पन्हाळ्यावर खराखुरा तोफगोळा मिळाला. तरी तो कुणाचा?

हा गड शिलाहारांचा होता, मग यादव, बहामनी आणि आदिलशाही आली. २८ नोव्हेंबर १६५९ ला शिवाजी महाराजांनी तो घेतला. पुढच्याच वर्षी सिद्दी जौहरचा वेढा पडला, आणि राजापूरच्या वखारीतले इंग्रज दारूगोळा घेऊन त्याच्या मदतीला आले. १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदानं मूठभर माणसांनिशी गड परत मिळवला. १७०१ मध्ये खुद्द औरंगजेब पायथ्याशी होता. आणि १८४४ च्या गडकऱ्यांच्या, म्हणजे गडाच्या राखणदारांच्या, बंडात ईस्ट इंडिया कंपनीच्या तोफांनी तटाला भगदाड पाडून १ डिसेंबरला गड घेतला. एवढ्या सगळ्यांनी एकाच डोंगरावर लोखंड टाकलेलं आहे. आपण मात्र काहीही सापडलं की डोळे मिटून एकच नाव घेतो.

म्हणून आधी वजन करायचं. दहा सेंटीमीटर व्यासाचा बीडाचा गोळा पावणेचार किलोच्या आसपास भरतो. तेवढाच काळ्या दगडाचा गोळा दीड किलोच्या घरात. व्यास चार इंच आणि वजन चार किलोच्या जवळ आलं, तर इंग्रजांच्या नऊ पौंडी तोफेचा विचार करता येतो, कारण त्यांचे गोळे पौंडाच्या ठरलेल्या मापात ओतलेले असत. दगडी गोळ्याच्या बाबतीत कोल्हापूरकरांनी आणखी एक शंका घ्यावी. तालमीत उचलायचे दगडही गोलच असतात.

[दृश्य: पावनगडाची वाट.]

शेजारच्या पावनगडावर जानेवारी २०२१ मध्ये फलक लावायला खड्डा खणताना चारशेहून जास्त तोफगोळे मिळाले. एकाच जागी चारशे, हा साठा झाला. डागलेले गोळे असे रांगेनं येऊन बसत नाहीत. आता त्यातला एक मी उचलून घरी आणला असता तर तो कुठल्या साठ्यातला, किती खोल होता, शेजारी काय होतं, सगळं पुसलं गेलं असतं. टेबलावर उरला असता मामाचा गोळा.

[दृश्य: शिशाची गोळी, शेजारी एक रुपयाचं नाणं.]

शिशाच्या गोळ्या बारीक असतात, पण तारखेच्या बाबतीत तोफगोळ्यापेक्षा जास्त सांगतात. जमिनीत मुरलेल्या शिशावर पांढुरका थर चढतो. तो घासायचा नाही. गोल गोळी ठासणीच्या बंदुकीची, मग ती तोड्याची, म्हणजे जळत्या वातीनं पेटणारी, असो वा चकमकीची, म्हणजे गारेच्या ठिणगीनं पेटणारी. कंपनीच्या शिपायाची गोळी साधारण साडेसतरा मिलिमीटरची आणि बत्तीस ग्रॅमच्या आसपास. एका बाजूनं चपटी झालेली असेल तर ती कशावर तरी आपटली आहे. अगदी गोल असेल तर बहुधा कुणाच्या तरी हातातून पडली, भीतीनं, घाईनं, नाहीतर पावसात बोटं गारठल्यामुळं.

पण गोळी टोकदार असेल आणि तिच्या बुडाला खळगा असेल, तर १६६० विसरा. ती १८५३ च्या एनफिल्ड रायफलीच्या काळातली किंवा त्यानंतरची. पितळी काडतूस त्याहून अलीकडचं. त्याच्या बुडावर 'के एफ' अशी अक्षरं दिसली तर ते खडकीच्या कारखान्यातलं.

असाच घोटाळा नाण्यांचा होतो. पावनखिंडीत सापडलेली शिवराई दाखवून "ही बाजीप्रभूंच्या मावळ्याच्या कनवटीची" असं ऐकवणारे मला दोनदा भेटलेत. खिंडीतली लढाई १३ जुलै १६६० ची. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' अशी अक्षरं असलेलं नाणं निघालं राज्याभिषेकापासून, म्हणजे १६७४ पासून, आणि शिवराई पुढे एकोणिसाव्या शतकापर्यंत पाडली जात होती. नाणं अस्सल असेलही. गोष्ट जुळत नाही.

तलवारींचं तर विचारूच नका. जांभ्याची माती आणि विशाळगडाकडचा पाऊस यांत पातळ पातं साडेतीनशे वर्षं टिकणं कठीण. मुठीसकट लखलखीत तलवार "खिंडीत मिळाली" म्हणून कुणी दाखवली, तर ती आधी कुणाच्या तरी माळ्यावर होती असं समजावं.

[दृश्य: पोकळ गोळ्याचं रेखाचित्र. गोळ्याला एक भोक.]

इथं जरा थांबायला हवं. गोळ्याला बोटाएवढं भोक असेल, किंवा भोक बुजवल्यासारखा गोल डाग असेल, आणि आकाराच्या मानानं तो हलका वाटला, तर तो पोकळ असू शकतो. आत दारू भरून, वात लावून तो डागत. ती दारू कोरडी राहिली असेल तर आजही पेटते. ड्रिल नको, तारेचा ब्रश नको, चुलीजवळ तर नकोच. हात लावायचा नाही, लांबून फोटो काढायचा आणि पोलिसांना कळवायचं.

बाकी वस्तूंसाठीही कायदा जुना आणि कडक आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत पुरलेली, दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. पन्हाळा केंद्राच्या संरक्षणाखाली आहे, आणि जुलै २०२५ पासून तो मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीतही आहे. तिथं मेटल डिटेक्टर घेऊन फिरणारा माणूस 'इतिहासप्रेमी' म्हणवून घेत असेल, पण तो करतोय ती चोरीच.

[दृश्य: मामाचं घर. देव्हारा.]

गोळा परत करायला गेलो. मिस्त्री काय म्हणाले ते मामाला सगळं सांगितलं. पार्टिंग, दोरा, बॉल मिल. मामानं शांतपणे ऐकून घेतलं, धोतराच्या सोग्यानं गोळा पुसला आणि होता तिथं ठेवला.

"दगड दळणारा हाय न्हवं? मग आवजारच की ते. खंडेनवमीला चालतंय."