बँक्सीच्या टपल्या

हे बघा, बँक्सी ह्या भिंतींवर चित्रं काढणाऱ्या ब्रिटिश कलाकाराचं एक चित्र, तारेवर पाच करडी कबुतरं. तिघांनी पाट्या धरल्यात आणि पाट्यांवर लिहिलंय काय, तर 'बाहेरच्यांना इथे जागा नाही', 'आफ्रिकेत परत जा' आणि तिसरी तर कळस, 'आमच्या किड्यांना हात लावायचा नाही'. एकदम पुणेरी पाटी! आणि हे सगळं कुणासाठी, तर पलीकडे एकटीच बसलेली ती छोटी हिरवी भिंगरी, जी दर हिवाळ्यात खरंच आफ्रिकेला जाऊन येते.

इंग्लंडमधलं क्लॅक्टन, ऑक्टोबर 2014. गावात पोटनिवडणूक तोंडावर आणि प्रचारात एकच विषय, बाहेरून येणारे लोक. बँक्सीने नेमकी हीच भिंत, हीच वेळ गाठली. मग कुणीतरी तक्रार केली की हे वर्णद्वेषी आहे, कौन्सिलने लगेच चित्र पुसून टाकलं, आणि नंतर कळलं की अरेच्चा, हे तर बँक्सीचं होतं! वर कौन्सिल म्हणते, बँक्सीने जरूर यावं, फक्त चित्र जरा योग्य काढावं. आता ह्याच्यावर आपण काय बोलणार.

ह्या माणसाने आपण कोण हे स्वतः कधीच सांगितलेलं नाही. स्टेन्सिल, म्हणजे आकृतीचा साचा, आधीच कापून आणायचं, स्प्रे मारायचा आणि पोलीस यायच्या आत पसार. पण खरी करामत मला वाटते जागा निवडण्यात. पोर्ट टॅल्बट हे वेल्समधलं पोलादाचं गाव, तिथे 2018 च्या डिसेंबरमध्ये एका गॅरेजच्या भिंतीवर एक पोरगा जीभ काढून बर्फ झेलतोय, किती गोड ना, मग कोपरा वळायचा, तर तिकडच्या भिंतीवर पेटलेला कचऱ्याचा डबा आणि तो बर्फ म्हणजे त्याची राख. कारखान्याच्या धुळीने वैतागलेल्या गावात हे! पुढे ते चित्र विकलं गेलं आणि 2022 मध्ये गावाबाहेरच गेलं. कोपराच नाही, गाव नाही, मग त्यात राहिलं काय?

सप्टेंबर 2025 मध्ये तर थेट लंडनच्या रॉयल कोर्ट्सची भिंत. विग घातलेला जज खाली पडलेल्या आंदोलकाला हातोड्याने बडवतोय (तिकडचे जज हातोडा वापरत नाहीत, पण असो). दोनच दिवस आधी शहरात निदर्शनं करणाऱ्या शेकडो लोकांना अटक झालेली. चित्र झाकलं, गार्ड उभे केले, मग घासून काढलं, तर भिंतीवर काळपट आकृती उरली ती उरलीच.

लिलावाचा किस्सा सगळ्यांना माहितीये, 2018, सदबीज ही लिलाव कंपनी, ह्याच्याच एका चित्राला फी धरून दहा लाख पौंडांच्या वर किंमत आणि हातोडा पडताच बँक्सीनेच फ्रेममध्ये लपवलेल्या श्रेडरने चित्र अर्धं फाडलं. तेच फाटकं चित्र 2021 मध्ये 1 कोटी 85 लाख पौंडांच्या वर गेलं! आणि 2013 मध्ये ह्याच बँक्सीने न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळ एका म्हाताऱ्याला स्टॉलवर बसवलं होतं, ओरिजिनल कॅनव्हास, फक्त 60 डॉलर. म्हातारा जांभया देतोय, लोक बघून पुढे जातायत. दिवसाची कमाई 420 डॉलर, त्यातही एका बाईने दोन घेतली ती घासाघीस करून, निम्म्या भावात.