काळीज चिरून बघायला हवं

मंडळी, 2019 च्या अखेरीस मटणाच्या दरावरून आपलं कोल्हापूर पेटलं होतं. दर कमी व्हावा ही मागणी रास्तच होती. पण कापण्याआधी ते बकरं कुण्या डॉक्टरनं बघितलं होतं का, हा प्रश्न त्या गदारोळात मला फारसा ऐकू आला नाही. पशुवैद्यक म्हणून तो मी आज विचारतोय.

मटणाची तपासणी दुकानात सुरू होत नाही. जनावर उभं असताना ते नीट चालतंय का, ताप आहे का, नाका-तोंडातून स्राव येतोय का, हे बघायचं. कापल्यावर फुप्फुस हातानं चाचपायचं, काळजाला, म्हणजे यकृताला, चिरा द्यायच्या, लसिकाग्रंथी कापून बघायच्या. 2001 च्या कत्तलखाना नियमांत एका पशुवैद्यकानं तासाला 12 आणि दिवसाला 96 च्या वर जनावरं तपासू नयेत, असं स्पष्ट म्हटलंय. म्हणजे एका जनावराला पाच मिनिटं. नुसता शिक्का मारायला पाच मिनिटं लागत नाहीत.

शेळ्या-मेंढ्यांच्या काळजात, फुप्फुसात कधी कधी पांढुरकी, पाण्यानं भरलेली पिशवी सापडते. कधी लिंबाएवढी, कधी त्याहून मोठी. चिरली की स्वच्छ पाणी उडतं. ही हायडॅटिड गाठ. लोक म्हणतात, "डॉक्टर, आम्ही रस्सा रटरटा उकळतो, आम्हाला काय होतंय?" खरंय, त्या मटणातून तुम्हाला ही गाठ होत नाही. पण खाटीक ते खराब काळीज मागच्या बाजूला कुत्र्याला टाकतो. कुत्र्याच्या आतड्यात त्यातून बारीक पट्टकृमी, म्हणजे फितीसारखे जंत, वाढतात, त्यांची अंडी विष्ठेतून मातीत, भाजीवर, कुत्र्याच्या केसांवर येतात. पोरगं कुत्र्याला कुरवाळून तसंच जेवायला बसलं की अंडी पोटात जातात. पुढं कित्येक वर्षांनी त्याच्या यकृतात तीच गाठ निघते आणि ऑपरेशन करावं लागतं. जो कधी मटणाला शिवला नाही, अशा माणसालाही हे होतं! म्हणून तपासणी फक्त खाणाऱ्यांसाठी नाही, अख्ख्या गल्लीसाठी आहे.

दुधाचंही थोडक्यात सांगतो. कट्ट्यावर म्हैस समोर पिळून मिळणाऱ्या धारोष्ण दुधाचा आपल्याला अभिमान आहे, पण म्हशीला ब्रुसेलोसिस (जनावराकडून माणसाला होणारा तापाचा आजार) किंवा क्षय असेल तर तो त्या पेल्यातून येऊ शकतो. उकळून प्या.

आता आखाड येतोय. गावाकडं जत्रेला, म्हाईसारख्या मटणाच्या जेवणाला बकरं दारात पडतं, तिथं डॉक्टर नसतो. आदल्या दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना बोलवा. काळजात, फुप्फुसात गाठ दिसली तर ती फोडू नका. तो अवयव जाळा, नाहीतर कुत्रं उकरणार नाही इतका खोल खड्डा काढून चुना टाकून पुरा. दारातल्या कुत्र्याला डॉक्टरांना विचारून जंताचं औषध वेळेवर द्या. आणि शहरात मटण घेताना दुकानदाराला विचारा, "बकरं कुठं कापलं, कुणी तपासलं?" गिऱ्हाईक रोज विचारायला लागलं की त्याला उत्तर तयार ठेवावंच लागेल.