कन्नडमधून मराठीत आणलं, म्हणून ते आपलं झालं का?

नमस्कार मंडळी. बेळगावातून बोलतोय. खिडकी उघडी ठेवलीय, त्यामुळं विणकरांच्या वडगावातल्या मागांची खटखट तुम्हालाही ऐकू येईल. येऊ दे. आजचा विषय तिथूनच सुरू होतो.

दोन वर्षांपूर्वी एका मराठी संशोधनपत्रिकेनं माझ्याकडं एक लेख तपासायला पाठवला. लेखकाचं नाव झाकलेलं होतं, माझंही नाव त्याला कळणार नव्हतं. विषय होता घरात बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका. भाषा नेटकी, तक्ते व्यवस्थित. तिसऱ्या पानावर मात्र थबकलो. तिथं एका बाईचं बोलणं दिलं होतं, की वीज जाते तेव्हा मी भाकऱ्या थापून घेते, कारण वीज आली की मला चूल नसते. हे वाक्य मी आधी वाचलं होतं. कन्नडमध्ये, ग्रंथालयातल्या एका प्रबंधात.

दुसऱ्या दिवशी जाऊन तो प्रबंध काढला आणि दोन्ही समोरासमोर ठेवून वाचत गेलो. परिच्छेदामागून परिच्छेद तेच, त्याच क्रमानं. तक्त्यातले आकडेही तेच. प्रबंधाचा उल्लेख कुठंच नाही.

अशा वेळी तपासणाऱ्यानं काय करायचं? लेखक कोण ते शोधून त्याला फोन करायचा नाही. चार लोकांत चर्चाही करायची नाही, कारण तपासायला आलेला लेख ही गोपनीय ठेव असते. पुरावा जोडून फक्त संपादकांना कळवायचं. मी तेच केलं. संपादकांनीही लेखकावर थेट आरोप न करता आधी खुलासा मागितला. नियतकालिकांच्या नीतिमत्तेसाठी १९९७ मध्ये स्थापन झालेली ‘कोप’ नावाची संस्था आहे, तिनं घालून दिलेली वाटही हीच.

लेखकाचं उत्तर आलं: “सॉफ्टवेअरमध्ये साम्य फक्त चार टक्के आलंय. मी भाषांतर केलंय, चोरी नाही.”

हे उत्तर लबाडीचं होतं असं मला वाटलं नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि म्हणूनच मी अस्वस्थ झालो. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांत साम्याचे टप्पे आहेत. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. प्रबंधात १० ते ४० असेल तर तो सुधारून पुन्हा द्यायचा, ४० ते ६० असेल तर वर्षभर सादर करता येत नाही, ६० च्या वर गेलं की नोंदणी रद्द. आपल्या पोरांनी यातला पहिला आकडा तेवढा पाठ केला आणि १० टक्के उचलायला परवानगी आहे असं समजून बसली. तो आकडा किरकोळ साम्यासाठी आहे. शिवाय साम्य मोजणारं यंत्र शब्द जुळवून बघतं. कन्नड वाक्य मराठीत आलं की शब्द बदलले, लिपी बदलली, बहुतेक वेळा यंत्राला काही दिसतच नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात आपण सकाळी मराठीत भांडतो, दुपारी कन्नडमध्ये अर्ज भरतो, रात्री इंग्रजीत नोट्स काढतो. तीन भाषा येणं ही आपली मोठी श्रीमंती आहे, आणि नेमकी तीच इथं चोरवाट झाली.

यात नुकसान कुणाचं झालं ते बघा. तो कन्नड प्रबंध लिहिणारा माणूस घरोघर फिरला, बायकांचा विश्वास मिळवला. त्याला मराठी वाचता येत नसेल तर आपलं काम दुसऱ्याच्या नावावर गेलंय हे त्याला कधी कळणारच नाही. आणि दुसरी ती भाकऱ्या थापणारी बाई. तिनं एका माणसाला सांगितलेलं बोलणं, जणू दुसऱ्यालाच सांगितलं, असं छापून येणार होतं. म्हणजे न केलेली मुलाखत केली म्हणून दाखवली. माझ्या मते उचलेगिरीपेक्षा हा गुन्हा मोठा आहे.

छापील लेखावर लोक भरवसा टाकतात म्हणून हे एवढं कळकळीनं सांगतोय. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. बाळंतपणानंतरचा जास्त रक्तस्राव टाळण्यासाठी मिसोप्रोस्टॉल या गोळीची चाचणी बेळगावच्या ग्रामीण भागात झाली. १६२० बायका सहभागी होत्या, गोळ्या देणाऱ्या होत्या गावातल्या नर्सबाई. जास्त रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं, आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी ती गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. आपल्या खेड्यातल्या बाळंतिणींचे आकडे जगाच्या कामी आले, कारण ते खरे होते.

त्याच ‘लॅन्सेट’नं १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड यांचा १२ मुलांवरचा लेख छापला होता. लसीचा संबंध ऑटिझमशी जोडणारा. तो मागे घेतला गेला २०१० मध्ये. मधली बारा वर्षं आईबाप घाबरून लस टाळत राहिले, आणि ती भीती अजून पुरती गेलेली नाही. तक्रार आली की संपादकानं वेळेत हलायला हवं ते यासाठी. नियतकालिकाची अब्रू चूक झाकून वाचत नाही.

पैसे घेऊन दोन दिवसांत लेख छापून देतो असे मेसेज तुम्हालाही येत असतील. छपाईचं शुल्क घेणं मुळात वाईट नाही, वाचकाला फुकट देणारी चांगली नियतकालिकंही ते घेतात. प्रश्न हा, की लेख कुणी वाचला का? २०१३ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकारानं कर्करोगावरच्या औषधाचा एक खोटा लेख मुद्दाम ढोबळ चुका ठेवून ३०४ नियतकालिकांना पाठवला. औषध कशापासून, तर दगडफुलापासून, म्हणजे आपल्या मसाल्यात पडतं त्याच्या जातभाईपासून! १५७ जणांनी तो स्वीकारला. आणि आता यूजीसीनं २०२५ मध्ये मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादीही बंद केलीय, त्यामुळं पारखायचं काम आपल्यावरच आलंय. संपादक मंडळातल्या एखाद्याला ईमेल करून विचारा, तुम्ही खरंच या मंडळावर आहात का म्हणून.

त्या लेखाचं पुढं काय झालं? संपादकांनी तो नाकारला, पण पत्रात दारही उघडं ठेवलं. मूळ संशोधकाची परवानगी घ्या, तुम्ही स्वतः वडगावात जा, आणि त्यांचं कुठलं, तुमचं कुठलं, हे वाचकाला स्पष्ट दिसू द्या. उल्लेख करायला लागतं तरी काय? संशोधकाचं नाव, प्रबंधाचं नाव, वर्ष, पान क्रमांक आणि ‘मूळ कन्नड, मराठी भाषांतर माझे’. एक ओळ.

वर्षभरानं एक पोरगा माझ्याकडं आला. “सर, तो लेख माझा होता,” म्हणाला. त्याला कसं कळलं, मी विचारलं नाही. वडगावात जाऊन आला होता. एका मावशींनी कांड्या भरता भरताच त्याला विचारलं होतं, “मागं एक कन्नड बोलणारा पोरगा येऊन सगळं लिहून घेऊन गेला बघ. त्याचं काय झालं रं? आम्हाला वाचून कोण दाखवणार?”

त्यानं त्या संशोधकाचा नंबर मिळवला. आता दोघं मिळून लिहितायत, पहिलं नाव त्या कन्नड संशोधकाचं. मावशींना वाचून दाखवायचा मराठी मसुदा काल माझ्याकडं आलाय, आणि तो वाचायला घेतलाय.