वेढ्यात घेतलेलं शेत

मंडळी, विश्वास आणि आशा हे शब्द आपण प्रार्थनेत जोडीनं उच्चारतो. आशा म्हटलं की बहुतेकांच्या मनात ‘होईल सगळं ठीक’ एवढंच येतं. पवित्र शास्त्रातली आशा याहून बरीच कणखर आहे. ती दाखवायला मला यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या 32व्या अध्यायाइतकी चांगली जागा दुसरी सापडत नाही.

बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, सैन्यानं यरुशलेमला वेढा घातलाय. इ. स. पूर्व 587च्या आसपासचा हा काळ. नगर पडणार, असं यिर्मया उघड सांगतो, म्हणून सिद्कीया राजानं त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात कोंडलंय. अशात त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथचं माझं शेत तू विकत घे. अनाथोथ हे यिर्मयाचं गाव, आणि तिथल्याच माणसांनी पूर्वी त्याच्या जिवावर टपून कट केला होता. देश हातचा चाललाय, घेणारा कैदेत, आणि शेत त्या गावात! शहाण्या माणसानं या व्यवहाराला हात लावू नये. यिर्मया मात्र 17 शेकेल चांदी तागडीत तोलून देतो. खरेदीखत लिहितो, साक्षीदारांच्या सह्या घेतो. एक खत मोहोरबंद, एक उघडं. दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्या हाती देऊन सांगतो, मातीच्या भांड्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकली पाहिजेत. कारण देवाचा शब्द आहे: या देशात घरं, शेतं, द्राक्षमळे लोक पुन्हा विकत घेतील.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते याच्या पुढचं. खत झाल्यावर यिर्मया प्रार्थना करतो आणि देवालाच विचारतो: नगर तर शत्रूच्या हाती चाललंय, आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस? पैसे आधी मोजले, कोडं नंतर मांडलं. शंका फिटली की मग विश्वास ठेवू, असं म्हणत आपल्यापैकी कितीजण वर्षानुवर्षं उंबरठ्यावर थांबलेत! पुढे लोक यिर्मयाला मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, घेऊन गेले. ते शेत त्याला कधी कसायला मिळालं, असं शास्त्रात कुठंही लिहिलेलं नाही.

देव आहे, एवढं मान्य करून भागत नाही. याकोब आपल्या पत्रात ठणकावून सांगतो, तेवढं तर भुतंही मानतात आणि थरथर कापतात. विश्वास म्हणजे ज्यानं शब्द दिला त्याच्यावर भिस्त टाकणं. त्याच भिस्तीवर उद्याचं काम आज हाती घेतलं, की ती आशा. ही भिस्त डळमळतेही. मार्काच्या शुभवर्तमानात आजारी मुलाचा बाप येशूला एका दमात म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. येशूनं त्याला परत पाठवलं नाही. मुलाला बरं केलं.

पण भिस्त टाकायची कशाच्या आधारावर? ख्रिस्ती उत्तर घडून गेलेल्या गोष्टीकडे बोट दाखवतं. ख्रिस्त मेलेल्यांतून उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ, असं प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला स्पष्ट लिहितो. पत्र इ. स. 55च्या सुमाराचं, म्हणजे वधस्तंभाच्या घटनेला जेमतेम पंचवीस वर्षं झालेली, पाहणारे पुष्कळसे हयात. आणि उठलेल्या प्रभूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते, शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला त्यानं तेच दाखवले. झालेलं दुःख झालंच नाही असं म्हणायला लावणारी आशा या प्रभूची नाही.

म्हणूनच मयताच्या घरी जाऊन ‘रडू नका, विश्वास ठेवा’ म्हणणाऱ्यांचं मला फार वाईट वाटतं. आपला मेलेला मित्र लाजर याला आपण आता जिवंत उठवणार, हे येशूला ठाऊक होतं. तरीही तो रडला. पौलानंही थेस्सलनीकाच्या मंडळीला शोक करायची बंदी घातली नाही, ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, एवढंच लिहिलं. रडायला तिथे पुरेपूर जागा आहे. आपलं माणूस गेलं म्हणून देवाला जाब विचारणाऱ्या बाईचा विश्वास कमी पडला, असं तिला कोणी सांगू नये. ती अजून त्याच्याशीच बोलते आहे.