पथकात माणूस येतो कसा?

(सांगलीतील एका व्याख्यानमालेत निवृत्त पोलीस निरीक्षकाने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, व्याख्यानमालेचे कार्यकर्ते आणि सांगलीकर श्रोतेहो,

निवृत्त पोलीस अधिकाऱ्याला व्यासपीठावर बोलावले की त्याने गाजलेल्या तपासांच्या कथा रंगवून सांगाव्यात, अशी लोकांची अपेक्षा असते आणि कार्यकर्त्यांनीही मला तसेच सुचवले होते. मी मात्र हट्टाने असा विषय घेतला आहे की ज्यावर पोलीस खात्यात चहाच्या टपरीवर रोज चर्चा होते आणि सभागृहात कधीच होत नाही. विशेष पथकांसाठी आणि शाखांसाठी माणसे निवडली जातात ती कशी, आणि ती निवड न्याय्य व्हायची तर काय करावे लागेल, हा तो विषय. शेवटी चार ठोस सूचना मांडीन असे मी निमंत्रणपत्रिकेसाठी लिहून दिले आहे. त्या सूचनांपुरता वेळ शिल्लक ठेवण्याची जबाबदारी मी अध्यक्षांवर सोपवतो.

तुमच्या घरातली नाही तर गल्लीतली मुले-मुली पोलीस भरतीची तयारी करताना तुम्ही पाहिली असतील. मैदानी चाचणी ५० गुणांची, लेखी परीक्षा १०० गुणांची. मुलांना १६०० मीटर धावायचे, मुलींना ८०० मीटर. शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. चाचणीचे चित्रीकरण होते, गुण जाहीर होतात, त्यावर हरकती घेता येतात, आणि एका गुणाने यादीबाहेर राहिलेला मुलगा रडत का होईना, पण आपण का राहिलो हे समजून घरी जातो. पुढे पदोन्नतीच्या वेळीही सेवाज्येष्ठतेची यादी निघते आणि तीत नाव खालीवर झाले तर अर्ज करता येतो. म्हणजे खात्यात शिरताना माप काटेकोर आहे आणि वर चढतानाही बऱ्यापैकी काटेकोर आहे. मधल्या तीस वर्षांत मात्र कोण स्थानिक गुन्हे अन्वेषण शाखेत, म्हणजे एलसीबीत, जाणार, कोण सायबरला, कोण आर्थिक गुन्हे शाखेत, कोण बॉम्बशोधक पथकात आणि कोण आयुष्यभर नाकाबंदीत व कैद्यांची ने-आण करणाऱ्या कैदी पार्टीत राहणार, हे ठरवण्याचे माप कुणाला दाखवले जात नाही. त्या नेमणुकीचे वजन काय असते हे समाजाला बरोबर कळते. स्थळांच्या माहितीपत्रकात मी 'पोलीस' या शब्दापुढे कंसात 'एलसीबी' लिहिलेले पाहिले आहे. 'ठाणे अंमलदार' असे कंसात लिहिलेले अजून पाहिलेले नाही.

कायदा या बाबतीत अगदी मुका आहे असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाश सिंग खटल्यात जे सात निर्देश दिले, त्यांत बदल्या आणि नेमणुका ठरवण्यासाठी पोलीस आस्थापना मंडळ असावे असा एक निर्देश होता. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून अशी मंडळे आणली, आणि कलम २२ न मध्ये कोणी कुठे किती काळ राहावे हे लिहून टाकले. अंमलदाराला, म्हणजे शिपाई-हवालदारांच्या फळीतल्या माणसाला, एका ठिकाणी पाच वर्षे. उपनिरीक्षकापासून निरीक्षकापर्यंतच्या अधिकाऱ्याला ठाण्यात किंवा शाखेत दोन वर्षे, जिल्ह्यात चार, परिक्षेत्रात, म्हणजे काही जिल्ह्यांच्या गटात, आठ. मात्र जिल्ह्यातील स्थानिक गुन्हे शाखेत आणि विशेष शाखेत तीन वर्षे. हे सगळे स्वागतार्ह आहे. परंतु नीट पाहा: माणसाने शाखेत किती काळ राहावे याचा हिशेब या कलमात आहे, त्याने शाखेत यावे कोणत्या गुणावर याचा नाही. बाहेर पडण्याच्या दाराला कुलूप आणि किल्ली दोन्ही आहेत. आत येण्याचे दार साहेबांच्या केबिनमधून आहे.

आता मी एक हकिकत सांगतो, आणि ती जरा सविस्तर सांगणार आहे. जिल्ह्याचे नाव घेणार नाही, माणसांचीही घेणार नाही. नदीकाठचा बागायती भाग होता आणि मी तिथल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो, एवढे पुरे. त्या काळात शिवारातील रोहित्रे, म्हणजे आपण ज्याला डीपी म्हणतो ती, फोडून आतली तांब्याची तार चोरण्याचे सत्र सुरू झाले होते. चोराला मिळणारे तांबे किती, तर मोटारसायकलच्या डिकीत मावेल एवढे. पण नवे रोहित्र बसेपर्यंत त्या डीपीवरचा सगळा ऊस वाळत उभा राहायचा आणि शेतकरी रोज ठाण्याच्या पायरीवर यायचे. आमच्याकडे एक हवालदार होते. वयाने पन्नाशीकडे झुकलेले, आवाज बारीक, साहेबांसमोर दोन वाक्यांपलीकडे बोलायचे नाहीत. त्यांनी शंभर पानी वहीत प्रत्येक चोरीची तारीख, गाव आणि वेळ लिहून ठेवली, आणि मग वीज कंपनीच्या कार्यालयातून भारनियमनाचे वेळापत्रक आणून ते शेजारी ठेवले. प्रत्येक चोरी त्या त्या फीडरचा, म्हणजे त्या भागाला वीज नेणाऱ्या वाहिनीचा, पुरवठा बंद असतानाच झाली होती. यात नवल नाही, चालू तारेला हात लावणारा चोर दुसऱ्या चोरीसाठी उरत नाही. परंतु तीन ठिकाणी असे दिसले की वेळापत्रक ऐनवेळी बदलले होते, गावकऱ्यांनाही ते माहीत नव्हते, आणि चोरांना मात्र माहीत होते. तेव्हा हवालदारांनी चोरांचा नाद सोडला आणि कंत्राटावर काम करून गेलेल्या वायरमनची यादी करायला घेतली. त्या यादीतल्या एका नावावरून भंगारवाला सापडला, भंगारवाल्याच्या वजनकाट्याच्या पावत्यांवरून टोळी सापडली.

टोळी पकडायला अर्थातच स्थानिक गुन्हे शाखेचे पथक आले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला; पुढे तांब्याच्या तारांची भेंडोळी, मागे बुरखे घातलेले आरोपी, त्यामागे पथक. हवालदार त्या फोटोत नव्हते, कारण फोटो काढला त्या वेळी ते ठाण्यात मुद्देमालाची पावती लिहीत होते. याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. पुढे काही महिन्यांनी शाखेत एक जागा रिकामी झाली, आणि पोलीस दरबारात, म्हणजे साहेब सगळ्यांसमोर कर्मचाऱ्यांची गाऱ्हाणी ऐकतात त्या सभेत, मोठ्या धीराने उभे राहून त्यांनी ती मागितली. "विचार करू," असे उत्तर मिळाले. विचार झालाही असेल. जागेवर आला तो सेवेत नुकताच स्थिर झालेला एक तरुण, ज्याने तोवर एकाही गुन्ह्याचा तपास केलेला नव्हता. त्याचे वडील कुणाच्या प्रचाराची गाडी चालवत होते हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होते. मुलगा वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगतो. त्याला पाठवताना रीतसर बदलीही झाली नाही. तो आमच्याच ठाण्याच्या हजेरीपटावर राहिला आणि पुढील आदेशापर्यंत शाखेशी संलग्न झाला.

या संलग्नतेकडे सभागृहातील सुजाण मंडळींनी बारकाईने पाहावे, कारण सगळी गोम तिथे आहे. बदली केली तर ती आस्थापना मंडळापुढे जाते, मुदत सुरू होते, कारण लिहावे लागते. संलग्न केले की कागदावर काहीच हलत नाही. पगार ठाण्यातून निघतो, मंजूर संख्याबळात तो ठाण्याचाच मोजला जातो, आणि प्रत्यक्षात ठाण्यात एक माणूस कमी होतो. रात्रगस्तीचा त्याचा वाटा उरलेल्यांच्या अंगावर पडतो. आमच्या बाबतीत तो वाटा ज्यांच्या अंगावर पडला त्यांत हेच हवालदार होते. म्हणजे ज्याची निवड व्हायला हवी होती त्यालाच, ज्याची निवड झाली त्याच्या वाटणीची गस्त घालावी लागली. अन्याय्य निवडीचा तोटा एका नाराज कर्मचाऱ्यापुरता असतो ही समजूत त्यामुळे मला कधीच पटली नाही. त्या रात्री ज्या वस्तीवर गस्तीची गाडी पोहोचली नाही तिथल्या लोकांना आपण कशामुळे उघडे पडलो हे कधी कळतही नाही.

"मग तो हवालदार न्यायालयात का गेला नाही?" असे पुढच्या रांगेतील एक वकील साहेब विचारत आहेत. साहेब, शासकीय कर्मचाऱ्यांच्या नोकरीविषयक तक्रारी ऐकणाऱ्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचे आपल्याला जवळचे पीठ मुंबईला आहे. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघायचे, वकिलाची फी द्यायची, आणि तारखेला जाण्यासाठी रजा मागायची ती ज्यांच्याविरुद्ध अर्ज केला त्यांच्याकडेच! तत्त्व मात्र आपल्या देशात फार पूर्वी ठरलेले आहे. तमिळनाडूचे मुख्य सचिव रोयप्पा यांनी आपल्या बदलीविरुद्ध दाद मागितली, तेव्हा १९७३ सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समानता आणि मनमानी यांचे हाडवैर असते अशा आशयाचे विधान केले, आणि ते तेव्हापासून हजारो खटल्यांत उद्धृत होत आले आहे. गंमत अशी की तत्त्व जिंकले आणि रोयप्पा हरले. जिथे मुख्य सचिवाची ही कथा, तिथे हवालदाराने कुठल्या गाडीत बसावे?

माझ्या मताच्या विरुद्ध बाजूने एक बळकट युक्तिवाद आहे आणि तो मी अनेक सचोटीच्या अधीक्षकांच्या तोंडून ऐकला आहे. ते म्हणतात, गुन्हे शाखेचे काम बातमीदारांवर चालते, छाप्याची बातमी फुटली तर माणसे मरतात, तेव्हा ज्याच्यावर माझा विश्वास आहे तोच माणूस मी घेणार. विश्वासाची लेखी परीक्षा कशी घ्यायची? हे म्हणणे मला निम्मे मान्य आहे. अंतिम निवड अधीक्षकांचीच असावी, आणि सगळ्या पथकांना एकच मोजपट्टी लावणे हाही एक अन्यायच होय. गडचिरोलीचे नक्षलविरोधी सी-६० पथक स्थानिक जवानांतून उभे राहिले, कारण तिथले जंगल आणि गोंडी-माडिया बोली ज्याला येते तोच तिथे उपयोगाचा. तिथे स्थानिकांना झुकते माप देणे ही कामाचीच गरज आहे. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर फोर्स वन हे दहशतवादविरोधी पथक उभे केले तेव्हा पोलीस दलातील इच्छुकांचा शारीरिक कस पाहून माणसे घेतली, कारण तिथे कस हीच पहिली गरज. कामातून निकष निघाला की तो कठोर असला तरी माणसे मान्य करतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी या शहरात घुसले, तेव्हा बोटीवर कोण जाणार हे ठरवायला कुणाला बैठक घ्यावी लागली नसेल. ज्याला पोहता येते तो पुढे झाला. बोटीत बसण्यासाठी आमदारांची चिठ्ठी आणलेला पोलीस मी तरी ऐकलेला नाही.

उरलेले निम्मे मात्र मला मान्य नाही. विश्वास हा निवडीचा शेवटचा निकष असू शकतो. पहिला आणि एकमेव झाला की विश्वासू कोण, तर जो आधीपासून केबिनच्या जवळ आहे तो, असेच समीकरण बनते. महिला अंमलदारांचे उदाहरण घ्या. भरतीत त्यांना ३० टक्के आरक्षण आहे, त्यामुळे ठाण्याठाण्यांत त्या दिसतात. तपास पथकात मात्र बहुतेकदा त्यांची आठवण होते ती आरोपी स्त्री असली की. रात्री बाराला छाप्यावर निघण्याची तयारी आहे का, हे त्यांना कुणी विचारतच नाही. त्यांच्या वतीने 'नाही' हे उत्तर साहेबांनी आधीच देऊन ठेवलेले असते.

अध्यक्षांकडून चिठ्ठी आली आहे, 'दहा मिनिटे'. शासकीय कर्मचाऱ्याने आपल्या कामासाठी बाहेरून वजन आणणे हा १९७९ च्या वर्तणूक नियमांनुसार गैरवर्तनाचा प्रकार आहे, पण ही चिठ्ठी मानणे मला भाग आहे. तेव्हा सूचना भराभर सांगतो.

शाखेत किंवा पथकात जागा रिकामी झाली की ती जिल्ह्याच्या साप्ताहिक पोलीस गॅझेटमध्ये प्रसिद्ध व्हावी आणि पात्रता तिथेच लिहावी: सायबरसाठी कोणते प्रशिक्षण, आर्थिक गुन्ह्यांसाठी हिशेबाची किती जाण, गुन्हे शाखेसाठी ठाण्यात स्वतः केलेल्या तपासांची किमान संख्या. ज्याला हवे तो अर्ज करील. दरबारात उभे राहण्याचा धीर ज्याच्यात नाही तोही करील. अर्जांतून जिल्हा आस्थापना मंडळाने छोटी यादी काढावी आणि अधीक्षकांनी त्या यादीतूनच, हवा तो, पण यादीतूनच माणूस घ्यावा. गोपनीयतेला यात कुठेही धक्का बसत नाही, कारण बातमीदार जाहीर करा असे मी म्हणत नाही, रिकामी खुर्ची जाहीर करा एवढेच म्हणतो.

ज्याला नाकारले त्याला कारणाची एक ओळ लेखी मिळावी. 'तपासाचा अनुभव कमी', 'शिक्षा प्रलंबित', काहीही असो. कारण लिहावे लागले की लिहिणाऱ्याचा हात आपोआप जपून चालतो, आणि वाचणाऱ्याला पुढच्या वर्षी काय सुधारायचे ते कळते.

तीन वर्षे पूर्ण झालेल्या अधिकाऱ्याने आणि पाच वर्षे पूर्ण झालेल्या अंमलदाराने शाखेतून ठाण्यात यावे आणि किमान तितकाच काळ ठाण्यात काढल्याशिवाय परत जाऊ नये. सध्या काही जण महिनाभर ठाण्यात हजर होतात आणि पुन्हा संलग्न होतात. अनुभव वाया जातो अशी ओरड होईल. पण शाखेत शिकलेला माणूस जत किंवा शिराळ्याच्या ठाण्यात गेला तर अनुभव वाया जात नाही, तालुक्याला मिळतो.

चौथी सूचना संलग्नतेची. ती सरसकट बंद करा असे मी म्हणणार नाही. मिरजेच्या विसर्जनाला किंवा पुराला माणसे इकडची तिकडे करावीच लागतात. परंतु तिला साठ दिवसांची मर्यादा असावी, त्यापुढे ती बदली समजून मंडळापुढे यावी, आणि वार्षिक तपासणीच्या नमुन्यात एक रकाना वाढवावा: हजेरीपटावरील प्रत्येक माणूस वर्षभरात ठाण्यात प्रत्यक्ष किती दिवस होता. तो रकाना वाढवायला विधिमंडळ लागत नाही, जिल्ह्यात अधीक्षकांची एक सही पुरते. वकील साहेबांचा आणखी एक प्रश्न राहिला आहे असे दिसते. अध्यक्षांची परवानगी असेल तर तो घेतो.