टोस्टेड रॅव्हिओली, घरच्या एअर फ्रायरमध्ये

सेंट लुईस. अमेरिकेच्या मिझुरी राज्यातलं मिसिसिपीकाठचं शहर. इथल्या 'द हिल' या वस्तीत आगीच्या बंबासाठीचे रस्त्यावरचे नळसुद्धा हिरव्या, पांढऱ्या, लाल रंगात रंगवलेले आहेत. इटलीच्या झेंड्याचे रंग. लोंबार्डी आणि सिसिलीहून आलेल्या माणसांनी ही वस्ती वसवली. चिकणमातीच्या खाणींत आणि वीटभट्ट्यांवर ती राबली. नामवंत बेसबॉलपटू योगी बेरा याच गल्ल्यांत वाढला.

आणि इथेच, १९४०च्या दशकात, रॅव्हिओली तेलात पडली. चुकून पडली, असं सांगतात. कोणाच्या स्वयंपाकघरात? मान आपलाच, असं म्हणणारी हॉटेलं एकाहून जास्त आहेत आणि एकही मागे हटायला तयार नाही.

रॅव्हिओली म्हणजे मैद्याच्या पातळ चौकोनी पारीत भरलेलं सारण. इथे ते बहुधा बीफच्या खिम्याचं. वरून पावाचा चुरा, मग तळण. नाव मात्र 'टोस्टेड'.

आज आपण ती तळणार नाही.

गोठवलेली रॅव्हिओली थोडा वेळ बाहेर ठेवायची आणि अंगावरचं पाणी टिपून घ्यायचं. ओल्या पारीला अंडं धरत नाही. सारण घरी केलं असेल, तर खिमा आधी पूर्ण शिजवलेला हवा. इतक्या थोड्या वेळात कच्चा खिमा शिजेलच असं नाही.

आता चुरा. सगळी गंमत या चुऱ्यात आहे. एअर फ्रायर म्हणजे पंखा बसवलेली छोटी भट्टी. गरम हवा ओलावा ओढून घेते, पण कढईतलं तेल जसं चुऱ्याच्या कणाकणाला भिडतं, तशी हवा भिडत नाही. कोरडाच चुरा लावला, तर तो पांढराफटक राहतो आणि घशात खरखरतो. म्हणून चुरा आधीच तव्यावर चमचाभर ऑलिव्ह तेलात परतायचा. मंद आचेवर, हात न थांबवता. बघा, कडेचा चुरा आधी रंग धरतो. बदामी झाला की लगेच ताटात काढायचा, कारण तापलेला तवा पुढेही भाजत राहतो. गार झाल्यावर त्यात ओरेगॅनो आणि किसलेलं पार्मेझान चीज.

अंडं-दुधात बुडवायची, चुऱ्यात घोळवायची, कडा बोटांनी दाबायच्या. टोपलीत एकच थर, एकमेकींना न चिकटता. वरून तेलाचा हलका फवारा. २०० अंश सेल्सिअस, ७-८ मिनिटं, मध्ये एकदा उलटून. फार वेळ ठेवली तर आतली वाफ कड फोडते आणि सारण बाहेर येतं.

तळलेल्या रॅव्हिओलीला टोस्टेड म्हणत आले, आपला चुरा मात्र खरोखरच भाजलेला आहे.

शेजारी वाटीत गरम मरिनारा, म्हणजे लसूण घातलेला टोमॅटोचा सॉस. कोपरा त्यात बुडवायचा. चुरा मऊ पडायच्या आत, पहिला घास.